सणाची कविता सण झाल्यावर लिहून घ्या

प्रश्न परळच्या बाजूच्या एका मराठी शाळेतल्या तरुण बाईंचा आहे. त्या सहावीला मराठी शिकवतात. गेल्या वर्षी सुट्टीआधी फलक सजवायचा म्हणून त्यांनी वर्गाला दिवाळीवर कविता लिहायला सांगितली. बेचाळीस कागद आले. बहुतेकांची पहिली ओळ 'दिवाळी आली' आणि दुसऱ्या ओळीला कुणीतरी आनंदात न्हालेलं. "मुलांकडे सांगण्यासारखं काही नाही, की मलाच विचारता येत नाही?" असं त्यांनी विचारलंय. यंदा त्यांना गणपतीपासून सुरुवात करायची आहे.

बाई, दोन्ही नाही. तुमची वेळ चुकली, एवढंच. आणि ती आम्हा सगळ्यांचीच चुकते, कारण फलक सुट्टीआधी लागायला हवा असतो. म्हणून आपण मुलांना दिवाळीची कविता अशा दिवशी मागतो, जेव्हा त्यांच्या घरात दिवाळीचा मागमूस नसतो. सहामाही परीक्षा डोक्यावर, कंदील अजून माळ्यावर, भाजणी गिरणीत गेलेली नाही. अशा वेळी मुलाने लिहायचं तरी कशावरून? मग ते मागच्या वर्षीच्या फलकावरून, शुभेच्छापत्रावरून, आईच्या मोबाइलवर येऊन पडलेल्या निरोपावरून लिहितं. आपण उसनं मागितलं, त्याने उसनं आणून दिलं.

मी सत्तावीस वर्षं मराठी शिकवते आहे, बहुतेक काळ गिरणगावात. त्यातली पहिली आठ-दहा वर्षं मीही हेच केलं. एका वर्षी पाठ्यक्रम रेंगाळला आणि कवितेचा तास सुट्टीनंतर गेला, तेव्हा माझे डोळे उघडले. सुट्टीनंतरचा पहिला दिवस तुम्ही पाहिलाच असेल. कुणाच्या तळहातावर अर्धी उडालेली मेंदी, कुणाच्या बोटाला फुलबाजीचा चटका, आणि सगळ्यांच्या डब्यात फराळ. मधल्या सुट्टीत पोरं चकल्यांची अदलाबदल करतात, लाडू कोणाचा फुटत नाही याच्या पैजा लावतात. त्या दिवशी एका मुलाने चार ओळी लिहिल्या होत्या:

चिवड्यातले काजू आधी गेले
मग शेंगदाणे
आता नुसते पोहे
शाळा सुरू

यमक नाही, दिवाळी हा शब्दसुद्धा नाही. पण दिवाळी संपली म्हणजे नेमकं काय झालं, ते यात आहे. हे त्याला सुट्टीच्या आधी सुचणं शक्य नव्हतं, कारण तेव्हा डबा अजून भरलाच नव्हता. त्या वर्षापासून मी सणाची कविता सण झाल्यावरच घेते.

फलकाचं काय, हा प्रश्न मुख्याध्यापक विचारणारच. त्यावर माझा उपाय सोपा आहे. यंदाच्या कविता एका फाइलमध्ये ठेवते आणि पुढच्या वर्षी सुट्टीआधी त्या फलकावर लावते. मुलं सातवीत गेलेली असतात, आपली कविता खालच्या वर्गाच्या फलकावर बघायला येतात. सहावीच्या नव्या मुलांना ती वाचून कळतं की चिवड्यावरही लिहिता येतं.

आता प्रत्यक्ष तासाचं. दोन तासिका हव्यात, शक्यतो सलग. पहिली पस्तीस मिनिटं लिहायचं नाहीच, बोलायचं. मात्र "दिवाळी कशी साजरी केली?" असं विचारलंत की उत्तर ठरलेलं येणार: मजा केली. प्रश्न बारीक हवेत. माळ्यावरून कोणता डबा खाली काढला आणि त्यात सणाशी संबंध नसलेलं काय सापडलं? सणाच्या दिवशी घरात कोण अजिबात बसलं नाही? भांडण कशावरून झालं? (होतंच. आमच्याकडे दरवर्षी कंदिलाची वायर कोणी तोडली यावरून होतं.) शेजारून फराळाचं ताट आलं, ते परत करताना त्यात काय घातलं? रिकामं ताट परत करायचं नाही, म्हणून आईने शेवटी चमचाभर साखर घातली का? आज, आत्ता, सणातली कोणती वस्तू घरात अजून उरली आहे, आणि ती कोण फेकू देत नाही?

शेवटच्या प्रश्नावर थांबा. माझ्या अनुभवात अर्ध्या चांगल्या कविता त्या एकाच प्रश्नातून निघाल्यात. गणपतीनंतर हा प्रश्न विचारल्यावर एका मुलीने लिहिलं होतं:

बाप्पा गेले
पाटावर तांदळाचा गोल राहिला
आईने तो पुसला नाही
रात्री जेवताना
त्या बाजूला कुणी बसलं नाही

मुंबईच्या घरांचा इथे फायदाच होतो. दहा बाय बाराची खोली, त्यात मखर. मग कपाट गॅलरीत जातं, बाबा कपाटाशेजारी झोपतात, अभ्यास पलंगाखाली सरकतो. ही मुलं 'मखर' म्हटल्यावर सजावट लिहितात, कारण त्यांना वाटतं कवितेत तेच लिहायचं असतं. तुम्ही फक्त विचारा, "मखर बसवलंस तर तू कुठे झोपलास?" वर्ग हसतो, आणि मग सगळे हात वर होतात. पुनर्विकासात टॉवरमध्ये गेलेल्या मुलांना वेगळं विचारा: चाळीत सगळ्यांचा कंदील एका ओळीत लागायचा, आता एकोणिसाव्या मजल्यावर तो कोणाला दिसतो?

बोलणं चालू असताना मुलांनी वहीच्या मागच्या पानावर नुसते शब्द टिपायचे, वाक्यं नकोत. गोंद, कपाट, वायर, चमचाभर साखर.

मग मी फळ्याच्या एका कोपऱ्यात बंदी घातलेले शब्द लिहिते: आनंद, उत्साह, जल्लोष, मंगलमय, लखलखाट, चोहीकडे, सर्वजण मिळून. मुलांना ही बंदी प्रचंड आवडते. एकमेकांचे कागद तपासतात, पोलिसांसारखे. एकदा एका मुलीने हात वर केला, "बाई, माझ्या भावाचं नावच आनंद आहे." त्याला परवानगी दिली. बंदीचा हेतू एवढाच की 'आनंद झाला' लिहिता आलं नाही, तर आनंद झाला तेव्हा काय घडलं ते लिहावं लागतं. ही यादी कायमची ठेवू नका, दोन-तीनदा पुरे. नाहीतर मुलं त्या शब्दांनाच पाप समजायला लागतात.

यमकाबद्दल मात्र सविस्तर बोलायला हवं, कारण तुमच्या बेचाळीस कागदांचं खरं दुखणं तिथे आहे. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं. त्यामुळे भूतकाळात लिहायला बसलं की यमक फुकट मिळतं: आली, झाली, लावली, काढली, तळली. मुलाला वाटतं आपण यमक जुळवलं. जुळवलं काहीच नाही, ते व्याकरणाने आयतं दिलं. आणि आयतं मिळतं म्हणून विचार करायची गरज पडत नाही. 'दारात रांगोळी काढली, अंगणात पणती लावली' (कुठल्या अंगणात? हा मुलगा काळाचौकीला तिसऱ्या मजल्यावर राहतो) अशा दहा ओळी एका दमात होतात.

म्हणून मी एकच नियम देते: ओळीच्या शेवटी क्रियापद चालणार नाही. त्याला मध्ये ढकला, नाहीतर गाळून टाका. शेवटी नाव येऊ द्या, वस्तू येऊ द्या. सुरुवातीला पोरं कुरकुरतात, दहा मिनिटं नुसती पेन्सिल चावतात. मग असं काही येतं:

ताटभर चकल्या, बोटभर तेल
दिव्यांच्या माळेचा संपलाय सेल

तेलाला सेल हे यमक कुठल्याही शुभेच्छापत्रात मिळणार नाही. ते त्या घरातच मिळालं. आणि ज्यांना यमक जमत नाही त्यांना सोडून द्या. मघाची चिवड्याची कविता यमक मागत नव्हती. पाचवी-सहावीतल्या मुलाला 'यमक हवंच' असं सांगणं म्हणजे त्याला अर्थ बदलायला सांगणं. पणती लिहायची असते, यमकापायी शांती लिहून मोकळं होतं.

मुक्त लिहिताना काही मुलं मोकळ्या मैदानात हरवतात, तेव्हा त्यांच्या हातात साचा द्यावा लागतो. तो बाहेरून आणायची गरज नाही. सणांमध्येच आपल्याकडे कितीतरी रचना तयार आहेत, आणि मुलांच्या कानात त्या असतात.

सगळ्यात आधी उखाणा. हळदीकुंकवाला आई-मावशी नाव घेतात ते मुलांनी ऐकलेलं असतं. आपण नाव घ्यायचं ते वस्तूचं किंवा खाण्याचं. 'अमक्यात तमकं, तमक्यात ढमकं' ही ठेवण पुरते. डब्यात डबा, डब्यात लाडू, आईने सांगितलंय कुणालाच नका वाढू. दहा मिनिटांचा खेळ आहे, वर्ग तापवायला उत्तम. त्याहून जास्त ताणू नका, चौथ्या उखाण्यानंतर नुसता गोंधळ उरतो.

दुसरी खिरापत. भोंडल्यात गाणी संपल्यावर खिरापत ओळखायची असते. डबा हलवून आवाज ऐकवायचा, बाकीच्यांनी गोड की तिखट, कोरडं की ओलं असं विचारत जायचं. आता शहरात घरोघरी भोंडला होत नाही, पण बऱ्याच मराठी शाळांत नवरात्रात पाटावर हत्ती काढून मुली फेर धरतात, त्यामुळे खेळ माहीत असतो. याचीच कविता करायची: सणाचा एक पदार्थ पाच ओळींत सांगायचा, नाव न घेता. पहिली ओळ आवाजाची, पुढच्या ओळी हाताला, नाकाला, जिभेला काय कळलं त्याच्या. वर्गाने ओळखायचं. गंमत अशी की ज्याची खिरापत सगळ्यांनी लगेच ओळखली तो जिंकत नाही, आणि ज्याची कुणालाच ओळखता आली नाही तोही नाही. तिसऱ्या-चौथ्या ओळीला ओळखली गेली पाहिजे. वर्णन किती उघडं करायचं आणि किती झाकायचं, हे मुलांना इतक्या सहज दुसऱ्या कशातून शिकवता आलेलं नाही मला.

तिसरा लहान अभंग. नावाने घाबरू नका. दोन चरण, प्रत्येकी आठ अक्षरं, शेवटी यमक. ऱ्हस्व-दीर्घ पाहायचं नाही, जोडाक्षर एकच धरायचं. मुलं बोटांच्या पेरांवर मोजतात. वृत्तांच्या मागे सहावीत लागू नये, गण पाडता पाडता कविता पडते. पण अक्षरं मोजणं त्यांना गणितासारखं वाटतं आणि मुलग्यांना तर विशेष आवडतं. एका मुलाची ही रचना मी दरवर्षी फळ्यावर लिहिते:

चाळीतल्या जिन्यापाशी। एक पणती उपाशी॥
तेल कोण घालणार। बंद आहे खोली चार॥

शेवटच्या चरणाला त्याने आधी 'बंद खोली क्रमांक चार' लिहिलं होतं. मोजलं तर नऊ. 'क्रमांक' गेला, 'आहे' आलं. तो शब्द गेल्यावर ओळ एकदम बोलल्यासारखी झाली, हे त्याला स्वतःलाच जाणवलं. खोली चारमधल्या आजी त्या पावसाळ्यात गावी गेल्या त्या परत आल्या नव्हत्या, हे त्याने कवितेत लिहिलं नाही. मीही लिहायला सांगितलं नाही. मोठा अभंग, म्हणजे सहा-सहा-सहा-चार अक्षरांचा, दुसऱ्या-तिसऱ्या चरणात यमक असलेला, आठवीसाठी राखून ठेवा.

हायकूही करून पाहायला हरकत नाही. शिरीष पै यांनी तो मराठीत रुजवला, तीन ओळींचा असल्यामुळे मुलांना झेपेल असं वाटतं. माझा अनुभव मिश्र आहे. मुलं तीन ओळी लिहितात, पण त्या एका वाक्याचे तीन तुकडे असतात. एकच गोष्ट कामाची: जपानी हायकूत ऋतू सुचवणारा शब्द घालायची परंपरा आहे. ती कल्पना उचलून मुलांना सांगा, सणाचं नाव न लिहिता महिना कळू दे. आघाडा, फुलोरा आलेला तेरडा, ओली छत्री म्हटलं की भाद्रपद येतोच.

माहिती कवितेत शिरते, तिकडे लक्ष ठेवा. गणपती म्हटला की हुशार मूल टिळकांपासून सुरू होतं. गिरगावातल्या केशवजी नाईक चाळीत १८९३ पासून सार्वजनिक गणपती बसतो, हे त्याला माहीत असावं, निबंधात लिहावंही. पण त्या चाळीत राहणाऱ्या मुलाने कवितेत मंडपाच्या कापडाला भोक कुठे आहे आणि त्यातून आत कसं बघता येतं, ते लिहावं. ते फक्त त्यालाच माहीत आहे.

आता एक माझी चूक सांगते, तुमच्याकडून होऊ नये म्हणून. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत 'माझी दिवाळी' असा विषय मी सगळ्यांना सक्तीने दिला होता. एका मुलीने कोरा कागद दिला. मी वर्गासमोर बोलले तिला. मधल्या सुट्टीत तिच्या मैत्रिणीने सांगितलं की जुलैमध्ये तिचे वडील गेले, यंदा त्यांच्याकडे सण नाही. घरात मृत्यू झाला की वर्षभर सण करत नाहीत, ही गोष्ट मला माहीत नव्हती का? चांगली माहीत होती. वर्गात उभी राहिले की विसरायला झालं. तेव्हापासून विषय देताना मी नेहमी दुसरी वाट ठेवते: 'सण नसलेला दिवस'. कारण विचारत नाही. कुणीही ती निवडू शकतं, हौसेने निवडणारेही असतात.

या शहरात सण नसलेल्यांची संख्या मोठी आहे. बेस्टचे चालक-वाहक, मोटरमन, पोलीस, परिचारिका, सफाई कामगार यांच्या घरात सणाच्या दिवशी एक माणूस कमी असतो. विसर्जनाच्या रात्री बंदोबस्तावर असलेल्या हवालदाराच्या मुलाने लिहिलं होतं, की सगळ्या मुंबईचे गणपती बाबांनी पाहिले, आमचा सोडून. मिठाईच्या दुकानात काम करणाऱ्याच्या घरी दिवाळीत गोड नको असतं. हे सगळं 'आवडता सण' या शीर्षकाखाली मावत नाही. शीर्षक बदला.

वर्ग मिश्र असतो, तेही लक्षात घ्या. मुंबईत पालिकेच्याच शाळा आठ भाषांतून चालतात, आणि मराठी माध्यमाच्या वर्गातही सगळी घरं एकसारखी नसतात. वरळी कोळीवाड्यातल्या मुलाला दिवाळीपेक्षा नारळी पौर्णिमेवर जास्त सांगायचं असतं. पावसाळ्यात शाकारून ठेवलेली होडी, जाळं दुरुस्त करणारी आजी, समुद्राला वाहिलेला नारळ परत किनाऱ्याला लागतो तो कोण उचलतो, हे सगळं. वसईकडून किंवा खोताच्या वाडीतून येणाऱ्या मुलीच्या घरी नाताळचा तारा आणि शेजारचा कंदील एकाच खिळ्यावर लागून गेलेले असतात. रमझान ईदला शीरखुर्म्याचं दूध ओट्यावर सांडल्याची कविता मी वाचलेली आहे, आणि ती आमच्या दिवाळीच्या कुठल्याही कवितेइतकीच घरची होती. फक्त एक पथ्य पाळा. मुसलमान मुलाला ईद आणि ख्रिस्ती मुलीला नाताळ असं आपण वाटून देऊ नये. त्याला शेजारच्या दहीहंडीत चौथ्या थरावरून कसं दिसतं ते लिहायचं असेल तर ते लिहू दे.

आणि दरवेळी सणच असतो असं नाही. ६ डिसेंबरला चैत्यभूमीला येणाऱ्या माणसांच्या रांगा दादरच्या मुलांनी लहानपणापासून पाहिलेल्या असतात. काहींची घरं त्या दिवसांत गावाकडच्या पाहुण्यांनी भरून जातात, काही जण आईवडिलांबरोबर शिवाजी पार्कात पाणी वाटायला जातात. तो आनंदाचा दिवस नाही; १४ एप्रिल, बाबासाहेबांची जयंती, मात्र आनंदाची. या दोन दिवसांत घरातले आवाज कसे वेगळे असतात, एवढंच विचारा. आनंद हा शब्द फळ्यावर बंद असला की अशा दिवसाला वर्गात जागा होते.

तपासणीबद्दल थोडंच. शुद्धलेखन पहिल्या फेरीत तपासू नका. लाल पेन दिसलं की मूल पुढच्या वेळी फक्त लिहिता येणारे शब्द वापरतं, हवे ते नाही. मी पेन्सिलने दोनच गोष्टी करते: सगळ्यात जिवंत ओळीखाली रेघ, आणि समासात एक प्रश्न. "कपाट गॅलरीत गेल्यावर कपडे कुठून काढायचे?" असा. उत्तर म्हणून एक ओळ वाढते, बहुधा चांगली. दुसऱ्या फेरीला सांगते, पहिल्या दोन ओळी आणि शेवटच्या दोन ओळी खोडून बघ. पहिल्या दोन ओळींत मूल घसा खाकरत असतं आणि शेवटच्या दोन ओळींत उपदेश करत असतं: प्रदूषण टाळूया, एकोपा जपूया. तो उपदेश त्याचा नसतो, आपला असतो. खोडल्यावर मधे जे उरतं ते बऱ्याचदा पुरेसं असतं. कधी काहीच उरत नाही, मग परत लावावं लागतं.

बोलीला हात लावू नका. मालवणी घरातलं मूल चतुर्थीला चवथ म्हणतं, होळीला शिमगो. तसंच राहू द्या. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं आणि त्यांनी घरच्या बोलीतच ओव्या रचल्या, हे आपण वर्गात कौतुकाने शिकवतो; मग पुढच्या तासाला मुलाच्या वहीतली चवथ कापतो. प्रमाण मराठीचा सराव निबंधात भरपूर होतो.

मोबाइलवरून उतरवलेल्या कविता येणारच. मी चोर पकडल्यासारखं करत नाही. मुलाला जवळ बोलावून विचारते, "यातली कुठली ओळ तुमच्या घरात घडली?" ते खाली बघतं. मग म्हणते, जी घडली ती एकच ओळ लिही, बाकी राहू दे. एक ओळ आली तर तीच त्याची कविता धरते. सुट्टीनंतर वर्गात बसूनच लिहून घेतलंत तर हा प्रश्न निम्मा कमी होतो. पालकांना मात्र आधी कल्पना द्या. एका आईने मला विचारलं होतं की आमच्या मुलीच्या कवितेत पंख्यावरची धूळ कशाला, काहीतरी चांगलं लिहून घ्या ना. मी म्हटलं, ती धूळ साफ करताना ती तुम्हाला शिडी धरून होती, ते वाचलंत का? त्यांनी परत वाचलं.

गुणांची घाई नको. आकारिक मूल्यमापनात, म्हणजे वर्षभराच्या वर्गकामावरून होणाऱ्या मूल्यमापनात, नोंद करायचीच असेल तर पहिला मसुदा आणि दुसरा मसुदा शेजारी ठेवून काय बदललं ते एका वाक्यात लिहा. कवितेला दहापैकी सात हे मला कधी जमलं नाही.

वाचन मात्र सगळ्यांचं. मुलाने स्वतः वाचायचं, उभं राहून, टाळ्या नाहीत. बेचाळीस जणांच्या टाळ्यांत अर्धा तास जातो आणि कुणाला किती वाजल्या याचीच चर्चा होते. वाचून झालं की एकाने फक्त लक्षात राहिलेला शब्द सांगायचा. लाजणाऱ्या मुलाचा कागद शेजाऱ्याने वाचला तरी चालेल.

तुमच्या गणपतीच्या तासासाठी एक सोपी सुरुवात देते. परळ-लालबागच्या वर्गातली बरीच मुलं चवथीला कोकणात जातात. ती परत आल्यावर प्रवासाचीच कविता घ्या. वाटेतली गावं फळ्यावर क्रमाने लिहा: पनवेल, पेण, वडखळ, माणगाव, महाड, पोलादपूर, कशेडी घाट, खेड, चिपळूण. प्रत्येक ओळ एका गावाने सुरू करायची, आणि त्या गावात काय झालं एवढंच. आमच्याकडची एक अशी होती:

पेणला ताई झोपली
वडखळला मी वडा खाल्ला
माणगावला गाडी नुसतीच उभी
कशेडीत ताईला उलटी
खेडला आजोबांचा फोन
कुठवर इलात?

इथे ओळीच्या शेवटी क्रियापदं आहेत, मी काही बोलले नाही. गावांच्या नावांनीच ओळींना ताल दिलाय. रेल्वेने जाणाऱ्यांना स्टेशनं द्या. जी मुलं मुंबईतच राहिली त्यांना लालबागची गर्दी द्या: दूध आणायला खाली उतरून परत घरी पोचेपर्यंत वाटेत कोण कोण आडवं आलं, त्याचीही अशीच ओळीने कविता होते.

कागद अर्धाच द्या, पूर्ण पान पाहून मुलं भरत बसतात. आणि सुट्टी संपून शाळा भरली की लगेच दुसऱ्या दिवशी तास घ्या, आठवडा गेला तर तांदळाचा गोल पुसला जातो. पहिल्या दिवशी हजेरीत दहा-बारा जण कमी असतील. त्यांच्यासाठी तेवढे अर्धे कागद टेबलाच्या खणात वेगळे ठेवा. आमच्याकडे शेवटची मुलं अनंत चतुर्दशी उलटल्यावरच उगवतात.